रिपोर्टमध्ये हात नसतो

प्रति,
लहान मुलांच्या फिट्सवर उपचार करणारे सर्व न्यूरॉलॉजिस्ट

स. न. वि. वि.

मी ईईजी टेक्निशियन आहे, मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारी. तुम्ही फॉर्मवर दोन शब्द लिहून मूल ज्या खोलीत पाठवता, त्या खोलीत मी असते. मोजपट्टी, खुणेची पेन्सिल, पेस्ट, कापूस आणि तारांचा गुंता, एवढा माझा संसार. मुलाच्या डोक्यावर 21 जागा मोजायच्या, त्वचा जराशी घासायची, एकेक इलेक्ट्रोड चिकटवायचा आणि मूल शांत बसेपर्यंत गोष्टी सांगायच्या. तुमच्याकडे पोचतात त्या लाटा. माझ्यासमोर त्या लाटांखाली बसलेलं मूल असतं, आणि मुलाचे हात कधीच स्वस्थ नसतात. अठरा वर्षं ते हात बघते आहे. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, आणि मला ते नकोही आहे. पण बघायला कुणाची मनाई नाही, म्हणून बघितलेलं सांगते.

आठ वर्षांचा मुलगा होता. फॉर्मवर ‘सीझर डिसऑर्डर, रुटीन ईईजी’, म्हणजे फिट्सचा विकार, नेहमीची तपासणी. पाच महिने फिट आली नव्हती, त्यामुळे आई निवांत होती. इलेक्ट्रोड लावताना मुलं डोकं हलवू नयेत म्हणून मी त्यांच्या मांडीवर पाटी ठेवून कागद-पेन्सिल देते. हा शिडी काढत बसला. दोन उभ्या रेघा नीट आल्या. पायऱ्या काढायला लागला, तर चार पायऱ्या सरळ आणि पाचवी खाली घसरलेली. पुन्हा तीन सरळ, एक घसरलेली. आई म्हणाली, “वेंधळा आहे हो. दिवसातून एक तरी वस्तू हातातून पडतेच. शाळेतूनही तेच ऐकते, अक्षराला वळण नाही म्हणून.” मुलाने मान वर केली नाही. हे त्याच्या रोजच्या कानावरचं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मी त्याला दोन्ही हात समोर, खांद्याच्या उंचीवर धरायला सांगितलं. बोटं पसरलेली, मनगटं सरळ. कॅमेरा चेहऱ्यावरून हातांवर नेला. पाच-सात सेकंद काही नाही. मग स्क्रीनवर सी-3 ला, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या डाव्या बाजूच्या इलेक्ट्रोडला, एक टोकदार स्पाइक, विजेचा सुळका, आला आणि उजवं मनगट खाली गेलं, लगेच वर आलं. तो झटका नव्हता, उलट हातातला जोरच क्षणभर निघून गेला होता. बल्ब मिणमिणून पुन्हा पेटावा तसं. दोन मिनिटांत हे अनेकदा झालं आणि दर वेळी आधी डाव्या बाजूचा स्पाइक होता. मुलाला विचारलं, “हात खाली जातोय, कळतंय का रे?” तो म्हणाला, “तो असाच आहे.”

याला निगेटिव्ह मायोक्लोनस म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला नको. स्नायू सेकंदाच्या काही शतांश भागापुरता, फार तर अर्ध्या सेकंदाच्या आत, गप्प होतो. हात मांडीवर असेल तर काहीच दिसत नाही. काहीतरी उचलून धरलेलं असलं तरच दिसतं: पेन्सिल, पेला, वही. आणि आपली रुटीन तपासणी हात मांडीवर ठेवूनच होते. मी टीप लिहिली, व्हिडिओची वेळ नोंदली, डॉक्टरांनी पाहिलं आणि औषध बदललं. कार्बामाझेपीनसारखं औषध काही मुलांत हा प्रकार वाढवतं, त्यामुळे नुसतं ‘फिट नाही’ एवढ्यावर फाइल मिटली असती तर तेच औषध पुढे चालू राहिलं असतं. पुढच्या वेळी मनगट पडायचं जवळजवळ थांबलं होतं. अक्षर मात्र तसंच होतं, हळू आणि वाकडं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा मुद्दा त्या दुसरीपाशी आहे.

कारण निगेटिव्ह मायोक्लोनस तसा कमीच दिसतो. माझ्या खोलीत येणाऱ्या बहुतेक मुलांचं मनगट पडत नाही. त्यांना बटणं लावायला वेळ लागतो. बुटाची नाडी बांधता येत नाही. कात्रीने गोल कापताना ती कागद न फिरवता कात्रीच वळवत बसतात. चेंडू झेलताना हात उशिरा मिटतात. या गोष्टी कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण डॉक्टर विचारतात ते फिटचं. किती आल्या, किती वेळ टिकल्या, शेवटची कधी. फिट शून्य झाल्या की पाच मिनिटांत फॉलो-अप संपतो. आईबापही खूश, डॉक्टरही खूश. हाताचा विषय निघालाच तर ‘अजून लहान आहे’ म्हणून मिटतो.

गंमत म्हणजे हाताचा मेंदूतला पत्ता वैद्यकाला मिळाला तोच फिट्समुळे. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन लंडनमध्ये पेशंटच्या शेजारी बसून फिट कुठून सुरू होते आणि कुठे सरकते ते बघत राहायचे. अंगठा आणि तर्जनीपासून, तोंडाच्या कोपऱ्यापासून किंवा पायाच्या अंगठ्यापासून ती सुरू होते आणि ठरावीक क्रमाने पसरते, हे त्यांनी नोंदलं. मेंदूत अवयवांची काहीतरी मांडणी असली पाहिजे, हे त्यांनी त्यावरून ताडलं. कवटी न उघडता! 1870 मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून पाय हलवून दाखवला. 1937 मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी ऑपरेशनच्या टेबलावरच्या जाग्या पेशंटच्या मेंदूचा नकाशा छापला. त्यात पाठीला एवढीशी जागा, आणि हाताला व तोंडाला भलीमोठी. आज तुम्ही ज्याला रोलँडिक भाग म्हणता तो हाच. लहान मुलांचा एक अतिशय नेहमीचा अपस्मार नेमका याच भागातून उठतो आणि त्याचं नावही त्यावरूनच पडलं. तरी त्या मुलाची तपासणी होते तेव्हा आपण त्याच्या हाताला हातही लावत नाही.

रोलँडिकचं थोडं जास्त सांगते, कारण माझ्याकडे सर्वांत जास्त ही मुलं येतात. तीन ते चौदा या वयात सुरुवात, बहुतेकांची सातच्या आसपास. रात्री झोपेत किंवा पहाटे तोंडाचा एक कोपरा ओढला जातो, लाळ येते, मूल जागं असतं पण बोलता येत नाही. पौगंडावस्था सरता सरता फिट्स आपोआप थांबतात. म्हणून कित्येक दशकं आपण आईबापांना ‘बिनाइन’ हा शब्द देत आलो, निरुपद्रवी या अर्थाने. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने 2017 च्या वर्गीकरणात तो शब्द काढला आणि ‘सेल्फ-लिमिटेड’ म्हणजे आपला आपण थांबणारा, असा आणला. फिट्स थांबतात हे खरं, पण त्या चालू असतानाच्या वर्षांत मुलाचं लक्ष, भाषा आणि बोटांचं कौशल्य मागे पडू शकतं, म्हणूनच हा बदल झाला. नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण फाइलींवर अजून जुनंच नाव दिसतं. खोलीत आईला मी ऐकवते तेही, खरं सांगायचं तर, सवयीने जुनंच.

आता स्पाइक आणि हात यांचा संबंध. फिट नाही, मूल शुद्धीवर आहे, बोलतंय, हसतंय, आणि तरी स्क्रीनवर स्पाइक येतात. या स्पाइकचं काय करायचं हा तुमच्यातला जुना वाद मला ठाऊक आहे. श्वाब या संशोधकाने 1939 मध्येच दाखवलं होतं की सेकंदाला तीन या वेगाचे स्पाइक-वेव्ह चालू असताना पेशंटला दिव्याचा इशारा देऊन बटण दाबायला सांगितलं, तर हात उशिरा हलतो किंवा हलतच नाही, मग शेजारी बसलेल्याला काही दिसो वा न दिसो. 1984 मध्ये आर्ट्स, बिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच जास्त बारकाईने मांडलं: डाव्या बाजूचे स्पाइक शब्दांच्या कामात आडवे येतात, उजव्या बाजूचे जागा-आकाराच्या कामात.

हे मी कागदावर पाहिलं आहे. अ‍ॅब्सेन्सचं, म्हणजे काही सेकंद भान हरपणाऱ्या फिट्सचं, मूल भिरभिऱ्यावर फुंकर मारून तीन मिनिटं जोरजोरात श्वास घेतं तेव्हा मी त्याच्या दुसऱ्या हातात पेन्सिल देते आणि ‘एक, दोन, तीन’ लिहीत राहायला सांगते. एका मुलीच्या कागदावर सहा, सात आले, आठाला सुरुवात झाली आणि तिथून एक बारीक रेघ कागदाच्या कडेपर्यंत वाहत गेली. नऊ-दहा सेकंद. मग तिने पेन्सिल उचलून रेघेच्या टोकाला नऊ लिहिला. रेघ कुणी काढली विचारलं तर म्हणाली, “ताई, तुम्हीच हलवलं असेल.” तो कागद मी फाइलला जोडला. परत आली तेव्हा फाइलमध्ये तो कागद नव्हता.

झोपेचं मात्र गणित वेगळं आहे, आणि तिथे मला तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे. रोलँडिक स्पाइक झोप लागताच वाढतात, काही मुलांत तर जागेपणी एकही नसतो. काही थोड्या मुलांत गाढ झोपेचा बराचसा भाग स्पाइकनीच भरून जातो, आणि मग भाषा, वागणूक, चालणं, हाताचं कसब सगळंच मागे सरकतं. ती मुलं तुम्ही गंभीरपणे घेताच. पण मधली मुलं? दिवसभर शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो, आणि त्यात स्लीप स्पिंडल नावाच्या छोट्या तुऱ्यांचा वाटा असतो. पडद्यावर ते दिसतात सुद्धा छान, चरख्यावरच्या चातीसारखे, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोलँडिक मुलांमध्ये आजार चालू असलेल्या काळात त्या भागातले स्पिंडल कमी भरले. जिथे स्पाइक जास्त, तिथे स्पिंडल कमी. आणि आकलनाच्या चाचण्यांतली मुलाची कामगिरी स्पाइकच्या संख्येवरून सांगता आली नाही, स्पिंडलवरून सांगता आली. आम्ही मात्र आजवर रिपोर्टसाठी स्पाइक मोजत आलो. स्पिंडल मोजा असं मला एकाही फॉर्मने सांगितलेलं नाही.

औषधांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. एवढंच, की त्यांची खूण ट्रेसवरही, म्हणजे ईईजीच्या आलेखावरही, दिसते आणि हातावरही. क्लोबाझामसारखं औषध चालू असलं की पुढच्या भागात बीटा या जलद लाटांची बारीक झालर येते, आणि ते मूल खुर्चीत जरा सैल बसतं. व्हॅल्प्रोएटवरच्या मुलाने हात समोर धरला की कधीकधी बोटांना बारीक थरथर असते. डोस वाढला की वाढते, कमी केला की कमी होते. आईला वाटतं आजार वाढला. मुलाला वाटतं वर्गात सगळे आपल्या पेनकडे बघतायत. थरथर कुठल्या महिन्यात सुरू झाली, हे कुणीतरी लिहून ठेवलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

कुणी म्हणेल, इलाज ईईजीवर करायचा नसतो, पेशंटवर करायचा असतो. अगदी मान्य. स्पाइक दिसले म्हणून गोळ्या वाढवा असं मी म्हणतच नाही, त्या गोळ्यांनी हात आणखी मंदावलेली मुलं मी पाहिली आहेत. पण मग पेशंट बघा ना. पेशंटला दोन हात आहेत.

मेंदू-हात संबंधाचं एक दर्शन तर रुटीन ईईजीत फुकट मिळतं आणि आपण ते सोडून देतो. मूल जागं, हात मोकळे, तेव्हा मधल्या भागावर कमानींची एक लय दिसते, म्यू. उजवी मूठ आवळ म्हटलं की डाव्या बाजूच्या कमानी पुसल्या जातात. मूठ सोडली की थोड्या वेळाने परत येतात. नुसतं ‘मूठ आवळायचा विचार कर’ म्हटलं तरी अनेकांच्या पुसल्या जातात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्या मुलाला सात वेळा मूठ आवळायला लावली होती, माझ्या हौसेपायी. या कमानी टोकदार असल्या की स्पाइकसारख्या भासतात, आणि मूठ आवळून त्या गेल्या की शंका मिटते, म्हणजे तुमचाही फायदाच. काम एका मिनिटाचं. फॉर्मवर नसतं, म्हणून होत नाही.

मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या एमईजीवर काम करणारे संशोधक याच्या पुढे गेले आहेत. हालचाल सुरू होताना बीटा लय खाली बसते आणि हालचाल संपली की उसळून वर येते. लहान मुलांत ही उसळी छोटी असते, वयाबरोबर वाढत जाते. हाताचा मेंदू असा वर्षानुवर्षं घडत असतो, आणि फिट्स, स्पाइक, औषधं ही सगळी वर्दळ नेमकी त्याच वर्षांत, त्याच जागी चालू असते. ‘अजून लहान आहे’ हे वाक्य म्हणून मला उलटं वाटतं. लहान आहे म्हणूनच तर आत्ता बघायचं.

बघायचं म्हणजे फार काही नाही. नऊ खिळ्यांची पाटी असते: नऊ खुंट्या भोकांत घालायच्या, काढायच्या, घड्याळ लावायचं, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. पर्ड्यू पेगबोर्ड ही अशीच खुंट्यांची पाटी तर जोसेफ टिफिन या मानसशास्त्रज्ञांनी 1948 मध्ये कारखान्यातले कामगार निवडण्यासाठी आणला होता, आज तो मुलांच्या बोटांसाठी वापरतात आणि एका फेरीला 30 सेकंद लागतात. पाटीही नसेल तर मुलाला अंगठ्यावर एकेक बोट टेकवायला सांगा आणि दुसऱ्या हाताकडे बघा. तो हातही सोबतीने वळवळत असेल तर चौथ्या वर्षी त्यात काही नाही. बाराव्या वर्षी आहे. आकडा एकदा लिहिला की सहा महिन्यांनी त्याच मुलाशी तुलना करता येते, शेजारच्या मुलाशी करायची गरज नाही. आणि गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्यांकडे, चिठ्ठी. माझ्या अनुभवात ही चिठ्ठी मिळते ती पालकांनी तीनदा विचारल्यावर, आणि विचारणारे पालक थोडेच.

शाळेला एक ओळ लिहून द्याल तर फारच बरं. फिट आल्यावर काय करायचं याचा कागद शाळेत असतो. ‘याला लिहायला जास्त वेळ लागतो, हा आळस नाही’ असा कागद मी अजून पाहिलेला नाही. फिटनंतर काही तास, कधी दीड दिवसापर्यंत, एक हात दुबळा राहू शकतो, टॉड या डॉक्टरांनी 1849 मध्येच लिहून ठेवलेलं. पण दुसऱ्या दिवशी पेपर असलेल्या मुलाला ‘फिट तर काल आली होती ना’ हेच ऐकावं लागतं.

तेव्हा माझी विनंती अशी. फॉर्मवर ‘सीझर डिसऑर्डर’च्या पुढे मूल उजवं की डावखुरं ते लिहा. आजवर मी ते दर वेळी स्वतः विचारत आले, कारण सी-3 चा स्पाइक लिहित्या हाताचा आहे की दुसऱ्या, हे त्याशिवाय कळत नाही. हातातून वस्तू पडतात का, अक्षर बिघडलं का, एवढं विचारून एक ओळ लिहा. आणि दहा मिनिटं वाढवून द्या. मूठ, हात समोर, थोडं चित्र, थोडं लिखाण, कॅमेरा हातांवर. दिवसाला इतके ईईजी झालेच पाहिजेत हा हिशेब माझ्याही डोक्यावर आहे, एक मूल रडलं की पुढचे सगळे लांबतात, पण ती दहा मिनिटं मी कुठूनतरी काढेन. तुमच्या सहीशिवाय मात्र ती माझी लुडबूड ठरते. एकदा ठरलीही आहे. ‘सांगितलं तेवढं करा’ असं ऐकून घेऊन मी त्या मुलाचे हात परत मांडीवर ठेवले होते.

शिडी काढणारा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात आला होता. फॉर्मवर तेच दोन शब्द. मी पाटी पुढे केली तर म्हणाला, “ताई, आज शिडी नको, सायकल काढतो.” चाकं काही गोल आली नाहीत. एकेक आरा मात्र त्याने सावकाश, जीभ दातांत धरून, परिघापर्यंत नेला. पंधरा मिनिटं लागली. ट्रेसमध्ये ती पंधरा मिनिटं ‘हालचालीचा अडथळा’ म्हणून नोंदावी लागली, कारण त्यासाठी दुसरा रकाना नाही.

कळावे,

आपली नम्र,
एक ईईजी टेक्निशियन